मिरजेच्या रंगवलेल्या पाट्या: कॅमेरा, देवनागरी अक्षरं आणि एक दिनदर्शिका

पाटीवाचक (मिरज)

नमस्कार मंडळी. फोटो काढणं आणि संगणकावर पत्रिका, पोस्टर, मुखपृष्ठं मांडून बघणं हे माझे दोन आवडीचे उद्योग. पोटापाण्याचं काम वेगळं आहे. इतकी वर्षं दोन्ही छंद आपापल्या वाटेनं चालले होते. आता ते एकाच कामात आणायचं ठरवलंय. मिरजेतल्या हातानं रंगवलेल्या दुकानपाट्यांची, भिंतीवर लावायची बारा पानी दिनदर्शिका करायची आहे. एक प्रत वाचनालयाला, बाकीच्या मित्रमंडळींना आणि ज्यांच्या पाट्या आहेत त्या दुकानदारांना.

मिरज म्हटलं की तंतुवाद्यं आलीच. एकोणिसाव्या शतकात इथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारं पाजळणाऱ्या कारागिरांनी, सतारी आणि तंबोरे करायला घेतले. फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव वाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत आजही आदरानं घेतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे इथं येतात आणि त्यांचे तंबोरे होऊन देशभर जातात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरांत वाद्यांचे, कारागिरांचे फोटो आले. दारावरच्या पाट्यांकडे मात्र कुणी कॅमेरा वळवल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ‘सतारमेकर’ हा एकच शब्द प्रत्येक पेंटरनं वेगळा लिहिलाय. कुणाचा ‘त’ पोटात गोल, कुणाच्या ‘र’ची शेपटी ब्रश उचलता उचलता बारीक होत गेलेली.

हे आत्ताच करायला हवं, कारण पाट्या झपाट्यानं उतरताहेत. २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती होऊन सगळ्याच दुकानांना मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मराठी ठळकपणे दिसायला लागलं याचा मला मनापासून आनंद आहे. पण मुदतीच्या घाईत लागलेल्या बऱ्याच पाट्या फ्लेक्सच्या आहेत आणि त्यांवर संगणकातले तेच दोन-तीन फाँट. काही ठिकाणी तर हातानं लिहिलेली सुंदर मराठी पाटी काढून तिच्या जागी छापील मराठी पाटी बसली. तिचा फोटोसुद्धा कुणाकडे नाही.

माझ्याकडे साधा फोन आहे आणि एक जुना डीएसएलआर, ५० मिमीच्या लेन्ससह. फोटोंसाठी डार्कटेबल आणि गिंप, मांडणीसाठी इंकस्केप वापरतो, सगळं मोफतचं. अडचणी अशा की इनॅमल रंगावर उन्हाची चमक येते, पाटी तिरकी दिसते आणि पानावर महिना-वार कुठल्या अक्षरात लिहावेत हे ठरत नाही. रंगवलेल्या पाटीशेजारी फाँट इतका परका दिसतो की पानाचा जीव जातो. जाणकारांनी मोकळेपणानं लिहावं.

सह्याद्रीची सावली (पुणे)

फार चांगला विषय. फोटोंपुरतं मी लिहितो, मांडणीचं इतर लोक सांगतीलच.

चमकेवर बहुतेक जण पोलरायझर फिल्टर सुचवतात. पाटीच्या बाबतीत त्याचा उपयोग मर्यादित आहे. काच, पाणी, तकतकीत रंग यांवरून परतणारा प्रकाश पोलरायझर उत्तम कापतो, पण तुम्ही पृष्ठभागाकडे तिरके बघत असाल तर. लंबापासून साधारण ५५ अंशांच्या आसपास त्याचा परिणाम सर्वांत जास्त असतो. अगदी समोरून बघताना जवळपास काहीच होत नाही, आणि पाटीचा फोटो आपल्याला समोरूनच हवा असतो. म्हणून फिल्टरवर पैसे घालण्याआधी वेळ बदला. पूर्वेकडे तोंड असलेल्या पाटीला दुपारनंतर जा, पश्चिमेकडच्या पाटीला सकाळी. पाटी स्वतः सावलीत आणि वर मोकळं आकाश असलं की रंग खरे दिसतात. ढगाळ दिवस तर सोन्यासारखे, त्यामुळे जून ते सप्टेंबर हा तुमच्यासाठी हंगाम समजा. अपवाद एकच. ब्रशचे फटकारे, रंगाचे पोपडे दाखवायचे असतील तर बाजूनं घासून जाणारं कोवळं ऊन हवं. त्या उन्हात रंगाची जाडी दिसते. दिनदर्शिकेत अशी दोन-तीन पानं असली तर मजा येईल.

तिरकेपणाचं मूळ लेन्समध्ये कमी आणि आपण कुठं उभे राहतो त्यात जास्त असतं. पाटी उंचावर असते, आपण खालून कॅमेरा वर करतो आणि उभ्या रेषा वर जाऊन जवळ येतात. समोरच्या दुकानाच्या पायऱ्या, पहिल्या मजल्याचा सज्जा, काहीही चालेल, पण पाटीच्या उंचीला पोचायचा प्रयत्न करा. नाहीच जमलं तर रस्ता ओलांडून लांब जा आणि ५० मिमी लावा. फोनचा मुख्य कॅमेरा २४-२६ मिमीइतका रुंद बघतो, त्यामुळे त्यानं जवळून काढलेली पाटी कडांना ताणलेली दिसते. उरलेला तिरकेपणा डार्कटेबलच्या ‘रोटेट अँड पर्स्पेक्टिव्ह’मध्ये काढा. मात्र फ्रेममध्ये चारही बाजूंनी मोकळी जागा ठेवूनच फोटो घ्या, कारण सरळ करताना कडा कापल्या जातात.

उजेड मोजण्याबद्दल थोडं. कॅमेरा प्रत्येक दृश्य मध्यम करड्या रंगाचं धरून चालतो. पांढऱ्या पाटीवर तो फोटो काळपट काढेल, तिथं एक्सपोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर उलट करा, नाहीतर पिवळा फिका पडून जातो. आणि फोटो रॉमध्येच घ्या, म्हणजे कॅमेऱ्यानं दाबून छोटी न केलेली मूळ फाइल. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. उडालेला गेरू आणि मूळचा लाल यांतला फरक त्या पायऱ्यांमध्येच राहतो. पहिला फोटो पाटीशेजारी करडं कार्ड धरून काढा, मग त्याच उजेडातल्या सगळ्या फोटोंचा व्हाइट बॅलन्स एकसारखा लावता येतो. बारा पानांत बारा वेगवेगळे पांढरे दिसले तर दिनदर्शिका विस्कटलेली वाटेल.

मांडवी किनारा (पणजी)

फोंताइन्हासमध्ये घरांच्या नावांच्या निळ्या-पांढऱ्या चिनीमातीच्या फरश्या आहेत, त्यांचे फोटो काढताना हाच चमकेचा त्रास होतो. ढगाळ सकाळीच काढावेत या मताशी सहमत. पावसानं भिजलेली फरशी मात्र पुसून घ्या, ओली असताना आकाश त्यात उतरतं.

रंगाचा डबा (कराड)

माझे वडील पेंटर. शाळांच्या भिंती, दूध डेअऱ्या, रसवंती गृहं, ट्रकच्या मागच्या फळ्या, सगळं त्यांनी रंगवलं. हा धागा वाचून फार बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहिते.

फोटो काढणाऱ्याला पाटी कशी लिहितात ते माहीत असलं तर काय टिपायचं हे लवकर कळतं. बाबा आधी पत्र्याला किंवा फळीला अस्तराचे दोन हात देत. मग खडू लावलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून धरायची आणि मधोमध उचलून सोडायची. पाटीवर सरळ रेघ उमटते. एक रेघ शिरोरेषेची, एक अक्षरांच्या पायाची. वर वेलांट्या-मात्रांना आणि खाली उकारांना किती जागा ठेवायची, ते मजकूर वाचून आधी ठरायचं. ‘कृष्णा’ आणि ‘मूर्ती’ एकाच पाटीवर असतील तर दोन ओळींमध्ये जास्त जागा लागते, कारण वरच्याचा ऋकार आणि खालच्याचा रफार एकमेकांना भिडतात. हात टेकवायला काठी, चपट्या आणि लांब केसांचे ब्रश, इनॅमल, टर्पेंटाइन. खडूनं अंदाज घेऊन झाला की अक्षरं आधी आणि शिरोरेषा शेवटी, शक्यतो एका दमात. जुन्या पाटीजवळ जाऊन बघा, शिरोरेषेत मध्येच सांधा दिसला तर तिथं ब्रश पुन्हा रंगात बुडवलाय हे कळतं.

अक्षरांमधली जागा बाबा कधी मोजपट्टीनं मोजत नसत. ‘अ’, ‘ज्ञ’, ‘क्ष’ ही रुंद अक्षरं, ‘र’ अरुंद, ‘ट’च्या पोटाखाली रिकामी जागा राहते. दोन अक्षरांमध्ये अडकलेली पांढरी जागा सगळीकडे सारखी वाटली पाहिजे, असं ते सांगायचे. संगणकावर काम करताना मीही हेच करते, पडद्यापासून लांब होऊन डोळे बारीक करून शब्दाकडे बघते. काळेपणा सगळीकडे सारखा दिसला तर शब्द जमला.

पाटीच्या खालच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव असतं, अगदी बारीक, कधी नुसतं ‘राजू आर्ट्स’सारखं. ते कापू नका. बहुतेकांची ओळख म्हणून तेवढंच उरलंय.

पाटीवाचक

ताई, कोपऱ्यातल्या नावाचं तुम्ही सांगितलंत ते लाखमोलाचं आहे. प्रत्येक पानावर पेंटरचं नाव छापायचं पक्कं केलं, आणि जिथं नाव नाही तिथं दुकानदाराला विचारून बघणार.

अजून एक गोष्ट लक्षात येतेय. पाच-सहा आकडी दूरध्वनी क्रमांक असलेली पाटी बरीच जुनी, मोबाइल घरोघरी यायच्या आधीची. पाटीवर साल नसलं तरी नंबरावरून काळाचा अंदाज बांधता येतो.

वेलांटी (मुंबई)

आता अक्षरांबद्दल. हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय आहे.

देवनागरी मांडताना नवशिके इंग्रजीसाठीच्या सवयी तशाच वापरतात आणि तिथं घोळ होतो. इंग्रजी अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात, आपली शिरोरेषेला लटकलेली. त्यामुळे डिझाइनची मुख्य रेघ शिरोरेषा धरा आणि महिन्याचं नाव, तारखांचे आकडे, चित्राची कड यांतलं काही ना काही तिच्याशी जुळवा. अक्षरांमधलं अंतर वाढवायची सोय मराठीत वापरूच नका, शिरोरेषेचे तुकडे पडतात. मोठ्या मथळ्यांत हा दोष सगळीकडे दिसतो, अगदी महागड्या जाहिरातींतही. ज्या फाँटला जाड वजन नाही त्याला बटण दाबून जाड करणं किंवा तिरपं करणंही टाळा. संगणक सगळ्या रेघा सारख्याच फुगवतो, बोरूनं येणारा जाड-बारीक भेद मरतो.

फाँट कुठला? पाट्यांच्या शेजारी बसणारा म्हणून ‘यात्रा वन’ बघा. मुंबईच्या लोकल गाड्यांच्या स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून तो घेतलाय, चपट्या ब्रशचं वळण त्यात आहे. तारखा आणि बारीक मजकुरासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा ‘मुक्ता’ घ्या, त्यात बारीक ते जाड अशी अनेक वजनं मिळतात आणि इंग्रजी अक्षरंही देवनागरीच्या बरोबरीनं बेतलेली आहेत. ‘बालू’ आणि ‘मोदक’ही त्यांचेच, पण ते गुबगुबीत आहेत, रंगवलेल्या पाटीशी भांडतील. हे सगळे खुल्या परवान्याचे फाँट आहेत, छापायला आणि विकायच्या वस्तूवर वापरायलाही मोकळीक आहे.

‘श’ आणि ‘ल’कडे खास लक्ष द्या. मराठीचा ‘ल’ पाकळ्यांचा आणि ‘श’ देठाचा, असं राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातही आहे. बऱ्याच फाँटमध्ये हिंदी वळणाची रूपं आधी दिसतात आणि मराठी रूपं आत दडलेली असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की ती बाहेर येतात, लिबरऑफिसमध्ये सहज करून बघता येईल. ही खटपट नको असेल तर ‘टिरो देवनागरी मराठी’ वापरा, त्यात मराठी रूपंच मूळची आहेत. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘ऱ्हस्व’ हे शब्द टाइप करून फाँट तपासायची मी सवय लावून घेतलीय. अर्धा र चंद्रकोरीसारखा नीट आला नाही तर तो फाँट मराठीसाठी पुरेसा नाही.

संगणकावर मराठीची घडी बसवणाऱ्यांत र. कृ. जोशींचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. सुलेखनकार, कवी, शिक्षक. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ त्यांनी केला आणि त्याच फाँटमुळे असंख्य लोकांनी पडद्यावर पहिल्यांदा युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट उघडणारी, मराठी वाचली. ‘रघु’ हा खुला फाँटही त्यांचाच. २००८ मध्ये ते गेले. आणि हातानं लिहिलेल्या शीर्षकाची ताकद बघायची असेल तर वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं काढून कमल शेडगे यांनी केलेल्या नाटकांच्या जाहिराती बघा. नाटकाचा सूर अक्षरांतच यायचा. ते २०२० मध्ये गेले. माझं प्रामाणिक मत असं की ज्याला मराठीत डिझाइन करायचंय त्यानं एक महिना फक्त त्या जाहिराती पाहाव्यात, एकही फाँट उतरवून घेऊ नये.

निळी शाई (छत्रपती संभाजीनगर)

सगळे प्रतिसाद उत्तम, पण जरा वेगळं मत मांडते. छंद म्हणून सुरुवात करणाऱ्याला रॉ, करडं कार्ड, देठाचा श हे सगळं एकदम ऐकवलं तर तो पळून जाईल. मी फोनवर फोटो काढते, स्नॅपसीडमध्ये सरळ करते आणि कॅनव्हामध्ये पत्रिका मांडते. सोसायटीतल्या हळदीकुंकवाचं आमंत्रण, मुलीच्या वर्गाचं भित्तिपत्रक, सगळं त्यातच. लोकांना आवडतं आणि मलाही आनंद होतो. तेवढं पुरे की.

वेलांटी

ताई, तुमच्या कामासाठी ते नक्कीच पुरेसं आहे आणि साधन कुठलं याला मी फार महत्त्व देत नाही. कॅनव्हातही मुक्ता, बालू मिळतात. मी सांगितलेलं शिरोरेषेचं आणि अक्षरांमधल्या अंतराचं पथ्य तिथंही पाळता येतं, एक पैसा लागत नाही. पाटीवाचकांचं काम मात्र जतनाचं आहे. ती पाटी पुढच्या वर्षी नसेल, म्हणून त्यांनी रॉ घ्यावं.

निळी शाई

हे पटलं. आमंत्रणातल्या मथळ्याचं अंतर आजच शून्यावर आणते.

सिएटलकर

इथं मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाची पोस्टरं करतो. परदेशात बसून मराठी डिझाइन करणाऱ्यांना एक अडचण हमखास येते, ती सांगतो. फोटोशॉपमध्ये मराठी चिकटवली की ‘श्री’चा ‘श् र ी’ होतो, वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि लोक अक्षरांचं चित्र चिकटवून वेळ मारून नेतात. फाँट चांगला असतो, प्रोग्रामला जोडाक्षरं जुळवायला सांगायचं राहिलेलं असतं. ज्या आवृत्तीत प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ हा पर्याय आहे, तिथं तो निवडा. त्याहून जुन्या आवृत्त्यांत त्याच जागी ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असं लिहिलेलं असे. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ आहे. गिंप आणि इंकस्केपमध्ये काहीच करावं लागत नाही, जोडाक्षरं पहिल्यापासून बरोबर येतात. या एका कारणासाठी मी नव्या स्वयंसेवकांना इंकस्केपवरच बसवतो.

छापखाना (इचलकरंजी)

आमचा छोटा प्रेस आहे. फाइल घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींना जे सांगतो तेच इथं लिहितो.

ए३ पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल होतं, साधारण १.७४ कोटी पिक्सेल. तुमचा फोटो वरच्या अर्ध्या पानावर असेल तर ३५०८ बाय २४८० लागतील, म्हणजे साधारण ८७ लाख. १२ मेगापिक्सेलच्या फोनला ४००० बाय ३००० मिळतात, म्हणून अर्ध्या पानाला फोन चालून जातो. पण सरळ करताना आणि कापताना पिक्सेल जातात, तो हिशोब आधी धरा. पूर्ण पानभर फोटो हवा असेल तर डीएसएलआरच वापरा.

चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा छपाई, सोडा. वायरो बाइंडिंगच्या भोकांसाठी वर किमान १५ मिमी रिकामं ठेवा. डिझाइन करणारे ही जागा विसरतात आणि मग भोक बरोबर गणपतीच्या मुकुटातून जातं. वार-तारखांचा काळा नुसत्या काळ्या शाईचा ठेवा, चार रंग मिसळून केलेल्या काळ्यात बारीक अक्षरांच्या कडा दुहेरी दिसतात.

रंगांची अपेक्षा आधीच जुळवून घ्या. पडदा आरजीबीत, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या उजेडात दाखवतो, आम्ही सीएमवायकेत, म्हणजे चार शायांत छापतो. पाट्यांवरचा झगझगीत निळा, पोपटी आणि नारिंगी छपाईत फिका पडतो. पडद्यावर प्रूफ बघता येतं, पण एक पान खऱ्या कागदावर काढून दिवसाच्या उजेडात बघण्याला पर्याय नाही. पन्नास-शंभर प्रती असतील तर डिजिटल छपाई, हजाराच्या घरात गेलात तर ऑफसेट परवडतं. रंगवलेल्या पाट्यांसाठी मी मॅट कागद सुचवेन. चकचकीत आर्ट पेपरवर पुन्हा तीच चमक येईल, जी टाळायला तुम्ही ढगांची वाट पाहिलीत.

फाइल पीडीएफमध्ये आणा आणि मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून आणा. कर्व्ह न केलेली मूळ फाइल स्वतःकडे जपून ठेवा, नंतर ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचं झालं तर कर्व्हमध्ये काही बदलता येत नाही. आणि मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या पद्धतीच्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की निव्वळ चिन्हांचा गोंधळ दिसतो.

काळी पाटी पांढरा खडू (रत्नागिरी)

वाचतोय. जबरदस्त माहिती.

न्यायाची बाजू (नागपूर)

परवानगीचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पांचे आणि इमारतींचे फोटो प्रसिद्ध करायला सूट आहे. रंगवलेलं चित्र त्या शब्दांत तितकं सरळ बसत नाही. त्यामुळे पाटीवर नुसती अक्षरं असतील तर प्रश्न कमी, पण पेंटरनं काढलेलं मोठं चित्र पान व्यापत असेल तर त्याची किंवा त्याच्या घरच्यांची लेखी संमती घ्या. चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क राहतो, म्हणजे बहुतेक पाट्या त्या मुदतीतच आहेत.

पाटीवरचा चालू मोबाइल नंबर पुसून टाका. जुने पाच-सहा आकडी नंबर आता लागत नाहीत, ते ठेवायला हरकत वाटत नाही.

रंगाचा डबा

संमतीबद्दल माझा अनुभव असा की पेंटर कधीच नाही म्हणत नाहीत. उलट कुणी विचारलं याचंच त्यांना अप्रूप वाटतं. छापील प्रत द्याच, आणि ती स्वतः नेऊन द्या.

दिल्लीच्या हनीफ कुरेशींनी ‘हँडपेंटेडटाइप’ नावाचा उपक्रम चालवला होता. रस्त्यावरच्या पेंटरांकडून पूर्ण वर्णमाला लिहून घ्यायची, तिचा संगणकी फाँट करायचा आणि त्याला त्या पेंटरचंच नाव द्यायचं. कुरेशी २०२४ मध्ये गेले. तुमच्या मिरजेत अजून ब्रश धरणारा कुणी पेंटर असेल तर त्याच्याकडून बारा महिन्यांची नावं आणि शून्य ते नऊ आकडे लिहून घ्या ना. त्याला रीतसर मजुरी द्या. तुमचा फाँटचा प्रश्न तिथंच सुटतो.

पाटीवाचक

ही कल्पना वाचून मी आज दुपारीच चौकशी केली. एक काका आहेत, सत्तरीचे, अजून मंडळांचे फलक लिहितात. ते तयार आहेत. मजुरी ठरली, आणि त्यांनी स्वतःहून विचारलं की जानेवारीला लाल रंगात लिहू का, संक्रांतीचा महिना आहे. काळ्या रंगात लिहून घेतो असं मी म्हटलं, म्हणजे संगणकावर स्वच्छ वेगळं करता येईल. आता प्रश्न असा की कागदावरचं अक्षर इंकस्केपमध्ये आणायचं कसं? ‘ट्रेस बिटमॅप’नं करून बघितलं तर कडेला शेकडो बिंदू येतात आणि ब्रशचं वळण खडबडीत होतं.

वेलांटी

आपोआप ट्रेस फक्त अंदाजासाठी ठेवा. स्कॅन ६०० डीपीआयला करा, ते चित्र खालच्या थरात फिकं करून कुलूप लावा आणि वर पेन टूलनं हातानं गिरवा. वळण जिथं सर्वांत वर, खाली, डावीकडे, उजवीकडे जातं तिथंच बिंदू द्या. ‘म’ला वीसच्या आत बिंदू पुरतात. ब्रश उचलताना शेवटी आलेली किंचित खरखर मात्र जाणूनबुजून ठेवा, ती गुळगुळीत केली तर काकांचं अक्षर फाँटसारखं दिसायला लागेल.

शिरोरेषा प्रत्येक अक्षराची वेगळी गिरवू नका. अक्षरं मांडून झाली की शब्दाला एकच सलग रेघ द्या, ताईंचे वडील देत होते तशीच. आणि एकच अक्षर पुन्हा आलं, जसा ‘र’ ‘सप्टेंबर’ आणि ‘ऑक्टोबर’मध्ये, तर काकांकडून दोन वेगळे घ्या. हातानं लिहिलेले दोन ‘र’ कधी तंतोतंत सारखे नसतात, नक्कल चिकटवली की डोळा लगेच ओळखतो.

सह्याद्रीची सावली

अक्षरं काकांची असणार असतील तर फोटो काढतानाच त्यांच्यासाठी जागा ठेवा. एका पाटीचे तीन फोटो घ्या. एक नुसत्या पाटीचा, एक वर भिंत किंवा आकाश मोकळं सोडून, एक डावीकडे बंद दार किंवा फळ्या घेऊन. महिन्याचं नाव त्या रिकाम्या भिंतीवर आलं की पान एकसंध वाटतं. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या चित्रकारांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं बघा. अंकाचं नाव कुठं येणार हे चित्र काढतानाच ठरलेलं असावं असं वाटतं, आकृतीचं डोकं, पदर, दिवा सगळं त्या नावाला वाट देऊन उभं असतं. फोटोत आपल्याला पदर सरकवता येत नाही, पण दोन पावलं बाजूला सरकता येतं.

काळी पाटी पांढरा खडू (रत्नागिरी)

मी शाळेत शिक्षक आहे. हा धागा वाचून सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन असं काही करावंसं वाटतंय. गावात पाट्या थोड्या, पण होड्यांवरची नावं भरपूर आहेत. आमच्याकडे एकच कॅमेरा आणि चार संगणक. सुरुवात कुठून करावी? रंगाचा डबा ताईंनी सांगितलं तर बरं.

रंगाचा डबा

सर, होड्यांची नावं हा तर खजिनाच आहे. लाकडाच्या गोलाईवर सरळ शिरोरेषा ओढणं फार अवघड असतं, ते मुलांना दाखवा.

कॅमेरा शेवटी द्या. पहिल्या दिवशी मुलांना बंदरावर नेऊन एकेका होडीचं नाव पेन्सिलनं वहीत उतरवायला लावा, अक्षराचं वळण जसं आहे तसं. उतरवताना ती इतकं बारकाईनं बघतात की मग फोटो आपोआप चांगले येतात. दुसऱ्या दिवशी वर्गात जुन्या वर्तमानपत्रावर खडूची दोरी मारून प्रत्येकानं स्वतःचं नाव चपट्या ब्रशनं लिहायचं. वर्तमानपत्र आडवं धरलं की त्याच्या छापील ओळी उभ्या होतात आणि ‘ग’, ‘म’, ‘प’चे दंड सरळ ठेवायला मदत होते. ब्रश अर्ध्या-पाऊण इंचाचा पुरे. मग पाच-पाच जणांच्या गटानं कॅमेरा घेऊन पुन्हा बंदरावर जायचं. ओहोटीला होड्या वाळूवर असतात तेव्हा जा, समोर उभं राहायला जागा मिळते.

रंग मात्र पोस्टर कलरच घ्या. इनॅमल आणि टर्पेंटाइन मुलांच्या हातात देऊ नका, बंद वर्गात त्याच्या वासानं डोकं धरतं.